विश्लेषण : अल्झायमर यांनी आधी पाहिला होता तो ‘दुसरा’ स्मृतिभ्रंश, आज एमआरआयमध्ये तो कसा दिसतो?

घरातील ज्येष्ठ व्यक्ती विसरू लागली, की पहिला शब्द तोंडी येतो तो अल्झायमर. ज्या डॉक्टरांचे नाव या आजाराला मिळाले, त्या अलॉइस अल्झायमर यांनी मात्र त्याआधी बरीच वर्षे वेगळ्याच विकाराचा अभ्यास केला होता. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्यामुळे बुद्धी हळूहळू मंदावते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले. तो विकार आज ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ म्हणून ओळखला जातो आणि रुग्ण जिवंत असताना एमआरआयमध्ये दिसतो. बऱ्याचदा अहवालात त्याची नोंद ‘वयोमानानुसार बदल’ एवढ्याच शब्दांत होते आणि फाइल कपाटात जाते. या नोंदीकडे दुर्लक्ष का करू नये, हे अल्झायमर यांच्या आयुष्याच्या आधाराने समजून घेऊ.

कोण होते अलॉइस अल्झायमर?

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. वडील एदुआर्द हे नोटरी होते. पुढे कुटुंब आशाफेनबुर्ग येथे राहायला गेले. शाळेत विज्ञानाची गोडी लागलेल्या अलॉइस यांनी बर्लिन, वुर्झबुर्ग आणि ट्युबिंगेन येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. अंगाने थोराड, स्वभावाने मोकळे आणि सिगारचे शौकीन असे त्यांचे वर्णन केले जाते. विद्यार्थिदशेत तलवारबाजीत त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जखम झाली होती. त्या काळच्या जर्मन विद्यापीठांत असे व्रण मिरवले जात, पण अल्झायमर छायाचित्र काढताना बहुधा उजवी बाजू पुढे करत, असे सांगितले जाते.

१८८७ मध्ये वुर्झबुर्ग येथे त्यांनी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय मेंदूशी संबंधित नव्हता. तो होता कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींचा. त्या निमित्ताने अल्बर्ट फॉन कोलिकर या नामवंत ऊतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात बसला. योगायोग असा, की त्याच वुर्झबुर्ग विद्यापीठात १८९५ मध्ये विल्हेल्म राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. जिवंत माणसाच्या शरीरात डोकावण्याची वाट तेथून सुरू झाली. पण क्ष-किरणांच्या साध्या चित्रात कवटीचे हाड दिसे, आतील मऊ मेंदू दिसत नसे. त्यामुळे अल्झायमर यांना मेंदू पाहायला मिळाला तो नेहमी रुग्णाच्या मृत्यूनंतरच.

फ्रँकफर्टमध्ये काय घडले?

डिसेंबर १८८८ मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट येथील मनोरुग्ण आणि अपस्मारग्रस्तांच्या नगरपालिकेच्या रुग्णालयात रुजू झाले. रुग्णालयाचे प्रमुख होते एमिल सिओली. रुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत बंद करून त्यांना मोकळे वागवावे, अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्यात बराच वेळ बसवून शांत करावे, हा तेथील आग्रह होता. पुढच्याच वर्षी फ्रान्झ निस्ल तेथे आले. मज्जापेशी रंगवून स्पष्ट दाखवणारी निस्ल यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने वापरली जाते. दिवसा दोघे रुग्ण तपासत आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकावर बसत. जिवंतपणी रुग्णाच्या वागण्यात जे दिसले, त्याची खूण मृत्यूनंतर मेंदूत सापडते का, हा दोघांचा एकच प्रश्न होता.

त्या काळी उतारवयातील सगळ्या विसराळूपणाला ‘म्हातारचळ’ असे एकच लेबल लावले जाई. मनोरुग्णालयातील अनेक खाटा सिफिलिसमुळे मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांनी भरलेल्या असत. हे वेगवेगळे आजार एकमेकांपासून निराळे कसे ओळखायचे, हा खरा पेच होता. अल्झायमर यांनी त्यातील एक धागा उचलला, तो रक्तवाहिन्यांचा.

रक्तवाहिन्यांबाबत त्यांनी काय शोधले?

१८९४ हे या कथेतील महत्त्वाचे वर्ष. येना येथील मनोविकारतज्ज्ञ ओटो बिन्सवांगर यांनी त्या वर्षी एका वेगळ्या रुग्णगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. (तत्त्वज्ञ फ्रीडरिक नीत्शे यांना १८८९ मध्ये दाखल केले होते, ते याच बिन्सवांगर यांच्या रुग्णालयात.) या रुग्णांची बुद्धी टप्प्याटप्प्याने ढासळत होती आणि मेंदूच्या आतील पांढरा भाग झिजलेला होता. त्याच वर्षी अल्झायमर यांनीही रक्तवाहिन्या कडक झाल्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या झिजेवर व्याख्यान दिले. १८९८ आणि १९०२ मध्ये त्यांनी हा विषय आणखी विस्ताराने मांडला.

बिन्सवांगर यांनी जे डोळ्यांनी पाहिले होते, ते अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूच्या पृष्ठभागावरून आत खोलवर जाणाऱ्या लांब, बारीक धमन्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला पांढरा भाग विरळ झाला होता. या विकाराला बिन्सवांगर यांचे नाव त्यांनीच दिले. म्हणजे आपल्या नावाचा आजार जन्माला येण्याआधी अल्झायमर यांनी दुसऱ्याच्या नावाच्या आजाराचे बारसे केले होते. हा विकार सिफिलिसपेक्षा आणि निव्वळ म्हातारपणापेक्षा वेगळा आहे, त्यात रुग्णाचे व्यक्तिमत्त्व बराच काळ टिकून राहते, हेही त्यांनी नोंदवले.

बारीक रक्तवाहिन्या एवढ्या महत्त्वाच्या का?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ ते २० टक्के रक्त त्याला लागते. मेंदूच्या बाहेरील करड्या थरात पेशींची दाटी असते. आतील पांढरा भाग म्हणजे या पेशींना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांचे जाळे. कपाळामागचा मेंदू योजना आखतो, पण ती योजना इतर भागांपर्यंत पोहोचवण्याचे काम या तारा करतात.

या तारांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात. त्या लांबवर जातात, पण त्यांना पर्यायी जोडण्या फार कमी असतात. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताची जी गत, तीच मेंदूच्या खोल भागाची. वर पाण्याचा दाब कमी झाला किंवा पाट गाळाने भरला, की पहिले वाळते ते टोकाचे शेत. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला, तर या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. गरजेनुसार रुंद होण्याची त्यांची लवचीकता जाते. भिंतींतून द्रव झिरपू लागतो. काही धमन्या बंद पडतात, काही फुटतात. प्रत्येक घटना एवढी छोटी असते, की रुग्णाला त्या दिवशी काहीच जाणवत नाही. नुकसान साठत जाते आणि अनेक वर्षांनी ते वागण्यात उमटते.

मग ‘अल्झायमर’ हे नाव कसे पुढे आले?

१८९४ मध्ये अल्झायमर यांनी सेसिली गाइझेनहाइमर यांच्याशी विवाह केला. त्या एका हिरे व्यापाऱ्याच्या विधवा आणि संपन्न होत्या. त्यांना तीन अपत्ये झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा अगदी लहान होती. अल्झायमर यांची बहीण मुलांना सांभाळायला घरी आली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची महिला फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. आधी तिला पतीबद्दल विनाकारण संशय येऊ लागला, मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू लपवणे आणि घरात दिशाहीन फिरणे सुरू झाले. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे बारकाईने लिहून ठेवली. नाव लिहायला सांगितले तर ती अर्ध्यावर थांबे. पतीचे नाव विचारल्यावर स्वतःचेच सांगे. जेवताना ताटात काय आहे, हे तिला नीट सांगता येत नसे. एवढ्या कमी वयात एवढी घसरण त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती.

१९०३ मध्ये अल्झायमर हायडेलबर्ग येथे आणि लगेच म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. पत्नीच्या वारशामुळे पैशाची चिंता नव्हती. म्युनिकमध्ये काही काळ त्यांनी पगाराविना काम केले. पण फ्रँकफर्टच्या त्या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे यांचे निधन झाले आणि सिओली यांनी त्यांचा मेंदू व कागदपत्रे म्युनिकला पाठवली.

मॅक्स बिल्शोव्स्की यांनी शोधलेल्या चांदीच्या रंगपद्धतीने अल्झायमर यांनी मेंदूचे काप तपासले. पेशींच्या आत दोऱ्याच्या गुंत्यासारखे तंतू दिसले आणि पेशींच्या बाहेर एका अनोळखी पदार्थाचे पुंजके. मोठ्या रक्तवाहिन्यांत काठिण्याचे बदल होते, हेही त्यांनी नोंदवले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी हे प्रकरण मांडले. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही आणि अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. १९०७ मध्ये छोटा लेख छापून आला. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

म्युनिकची प्रयोगशाळा कशी होती?

अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत जगभरातून तरुण डॉक्टर येत. फ्रेडरिक लेव्ही, आल्फॉन्स याकोब, उगो चेर्लेत्ती, गाएतानो पेरुसिनी अशी पुढे मेंदूविज्ञानात गाजलेली नावे तेथे घडली. अमेरिकेतून आलेले सॉलोमन कार्टर फुलर हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञही त्यांत होते. अल्झायमर एकेका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकात डोकावत. शिकवण्याच्या भरात सिगार बाजूला ठेवून पुढच्या मेजाकडे जात. दिवसाअखेर प्रत्येक मेजावर अर्धवट सिगारचे थोटूक सापडे, असा किस्सा सांगितला जातो.

१९१२ मध्ये त्यांची ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रॉत्सवाफ आहे. तेथे जाताना प्रवासातच ते आजारी पडले. संसर्गाचा परिणाम हृदयावर झाला आणि पुढे मूत्रपिंडेही निकामी होत गेली. १९ डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ऑगस्टे डेटर रुग्णालयात आल्या तेव्हा त्यांचेही वय ५१ होते. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत पत्नीशेजारी अल्झायमर यांना पुरण्यात आले. ऑगस्टे यांची हरवलेली फाइल त्यानंतर ८० वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्येच सापडली. मेंदूचे काप त्यानंतर म्युनिकमध्ये मिळाले.

त्यांच्यानंतर रक्तवाहिन्यांचा विषय कुठे गेला?

पुढची अनेक दशके लंबक एका टोकाला राहिला. अल्झायमर हा मध्यमवयात होणारा दुर्मीळ आजार आणि म्हातारपणीचा विसर म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होणे, अशी सरसकट समजूत होती. १९६० च्या दशकाअखेर ब्रिटनमध्ये टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांपैकी अनेकांत अल्झायमर यांनी वर्णन केलेलेच गुंते आणि पुंजके होते. १९७४ मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की रक्तवाहिन्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो तो मुख्यतः मेंदूचे छोटे-मोठे भाग मृत झाल्याने. लंबक आता दुसऱ्या टोकाला गेला. प्रत्येक विसराळू वृद्ध अल्झायमरचा रुग्ण ठरू लागला आणि बारीक रक्तवाहिन्या पुन्हा मागे पडल्या.

त्या पुन्हा समोर आल्या, त्या प्रतिमांमुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. कवटीच्या आत डोकावणे शक्य झाले. त्यानंतर एमआरआय आला आणि पांढऱ्या भागातील बदल कितीतरी स्पष्ट दिसू लागले. अनेक ज्येष्ठांच्या चित्रांत हे बदल दिसल्याने डॉक्टर चक्रावले. १९८७ मध्ये हाचिन्स्की यांनी त्यांना ‘ल्युकोअरायोसिस’, म्हणजे पांढऱ्या भागाची विरळता, असे तटस्थ नाव दिले. अल्झायमर यांनी ९० वर्षांपूर्वी मृत मेंदूत जे पाहिले होते, ते आता जिवंत माणसांत दिसत होते.

एमआरआयमध्ये नेमके काय दिसते?

बारीक धमन्या स्वतः नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. त्यांनी केलेले नुकसान दिसते. पाट दिसत नसला, तरी वाळलेले शेत दिसते, तसेच हे. कोणत्या खुणांना काय म्हणायचे, याबाबत जगभरातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये एकत्रित निकष ठरवले आणि २०२३ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यातील मुख्य खुणा अशा :

पांढरे डाग : ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रात मोकळ्या पाण्याची चमक दाबली जाते, त्यामुळे बिघडलेला पांढरा भाग उजळ दिसतो. थोडे ठिपके असतील तर सौम्य, ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले असतील तर तीव्र. शून्य ते तीन अशा ‘फाझेकास’ श्रेणीत ही तीव्रता मोजतात. ही श्रेणी १९८७ पासून वापरात आहे.

लॅक्यून : बारीक धमनी बंद पडून मेंदूचा छोटा भाग मृत झाला, की तेथे तीन ते १५ मिलिमीटरची पाण्याने भरलेली पोकळी उरते. नुकताच घडलेला असा आघात ‘डिफ्यूजन’ चित्रात पांढरा चमकतो.

सूक्ष्म रक्तस्राव : रक्तातील लोह मेंदूत मागे राहते आणि ‘एसडब्ल्यूआय’ चित्रात काळे ठिपके दिसतात. ते कुठे आहेत, यालाही अर्थ आहे. मेंदूच्या खोल भागातील ठिपके बहुधा उच्च रक्तदाबाकडे बोट दाखवतात. केवळ बाहेरील भागात असतील, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड साचल्याची शंका येते.

धमन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या जागा आणि मेंदूची एकूण झीज : या खुणा एकट्याने फार काही सांगत नाहीत, पण वरील खुणांसोबत असतील तर चित्र पूर्ण होते.

रुग्णात हा विकार कसा ओळखू येतो?

अल्झायमरमध्ये सुरुवातीला नवी माहिती साठवणेच जमत नाही. सकाळी कोण आले होते, हे आठवण करून दिली तरी आठवत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारात माहिती बऱ्याचदा साठलेली असते, पण ती बाहेर काढायला वेळ लागतो. थोडा इशारा दिला, की आठवते. विचारांचा वेग मंदावतो. बँकेचा फॉर्म भरणे, चार पाहुण्यांचा स्वयंपाक एकाच वेळी सांभाळणे, अशी टप्प्याटप्प्याची कामे कोलमडतात. कशातच रस वाटेनासा होतो आणि घरच्यांना वाटते, की स्वभाव आळशी झाला.

आणखी दोन खुणा घरात दिसतात, पण विसराळूपणाशी जोडल्या जात नाहीत. एक, चाल. पावले लहान पडतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात, तोल जातो. दुसरी, लघवीची घाई. मेंदूच्या पांढऱ्या भागातून जाणाऱ्या तारा पाय आणि मूत्राशय यांच्यावरही नियंत्रण ठेवतात, म्हणून हे घडते.

एमआरआयवरून निदान पक्के होते का?

एकट्या एमआरआयवरून नाही. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या मेंदूत थोडे पांढरे डाग असतात आणि त्यांची बुद्धी तल्लख असते. उलट, एखादाच लॅक्यून मोक्याच्या जागी, उदाहरणार्थ थॅलॅमसमध्ये झाला, तर मोठा फरक पडतो. त्यामुळे डागांची तीव्रता, त्यांची जागा, रुग्णाची लक्षणे आणि बुद्धीच्या चाचण्या एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढतात. विसराळूपणा असलेल्या रुग्णाचे स्कॅन करण्याचे आणखी एक कारण आहे. कवटीखाली साचलेले रक्त, गाठ किंवा मेंदूत साठलेले पाणी यांसारखी उपचार करता येणारी कारणे त्यात सापडू शकतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड यांसाठी मात्र रक्त तपासावे लागते. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी विशेष महत्त्वाची.

अल्झायमर की रक्तवाहिन्या? की दोन्ही?

बहुतांश वृद्धांच्या बाबतीत उत्तर ‘दोन्ही’ असते. अमेरिकेतील वृद्ध जोगिणींवर झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात डेव्हिड स्नोडन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे ठळकपणे दाखवले. मेंदूत अल्झायमरचे गुंते आणि पुंजके असूनही काही जोगिणी शेवटपर्यंत ठीक होत्या. त्याच बदलांसोबत मेंदूच्या खोल भागात एक-दोन लॅक्यून असलेल्या जोगिणींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण खूप जास्त होते. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान मेंदूची राखीव गंगाजळी संपवते आणि दुसरा आजार लवकर उघडा पडतो. अल्झायमरचे पुंजके ज्या अमायलॉइडचे बनलेले असतात, ते प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही साचते. त्यामुळे दोन्ही आजारांच्या सीमा एकमेकींत मिसळतात.

अल्झायमरवरील नव्या अमायलॉइडविरोधी औषधांमुळे हा मुद्दा आता प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोहोचला आहे. ही औषधे सुरू करण्यापूर्वी एमआरआय आवश्यक असतो. मेंदूत चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असतील, तर साधारणपणे हे औषध दिले जात नाही. कारण औषधामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्या रुग्णांत वाढतो.

उपचार काय? टाळता येते का?

झिजलेला पांढरा भाग पूर्ववत करणारे औषध आज नाही. मात्र नुकसानाचा वेग कमी करता येतो आणि येथेच अल्झायमरपेक्षा या विकारात आपल्या हाती जास्त काही आहे. पहिला क्रमांक रक्तदाबाचा. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ या चाचणीत मधुमेह नसलेल्या ९,३६१ जणांचे दोन गट केले होते. एका गटात वरचा रक्तदाब १२० च्या खाली, दुसऱ्यात १४० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १२० च्या गटात सौम्य बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे १९ टक्के कमी झाला आणि एमआरआयमधील पांढरे डागही कमी वेगाने वाढले. पूर्ण स्मृतिभ्रंशातील फरक मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्का ठरला नाही. मेंदूचे एकूण आकारमान १२० च्या गटात किंचित जास्त घटले. त्यामुळे लक्ष्य किती ठेवायचे, हे वय, चक्कर येण्याची शक्यता आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतात.

धूम्रपान सोडणे, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, मीठ कमी करणे, घोरण्यासोबत श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार घेणे, या बाकीच्या गोष्टी साध्या वाटतात, पण त्या याच बारीक धमन्यांना वाचवतात. स्वतःच्या मनाने रोज अ‍ॅस्पिरिन घेणे मात्र धोक्याचे आहे. सूक्ष्म रक्तस्राव असलेल्या रुग्णात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

भारतासाठी हे का महत्त्वाचे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये मांडले, की बदलता येण्याजोग्या १४ जोखमींवर आयुष्यभर काम केले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि हालचालीचा अभाव आहे. हीच बारीक रक्तवाहिन्या बिघडवणारी यादी आहे आणि ती साठीत नव्हे, चाळिशीत तपासायला हवी.

अहवालात ‘वयोमानानुसार बदल’ लिहिले असेल तर काय विचारावे?

डॉक्टरांना चार प्रश्न विचारता येतात. पांढऱ्या डागांची फाझेकास श्रेणी किती? लॅक्यून आहेत का, असल्यास कुठे? एसडब्ल्यूआय चित्र काढले होते का आणि सूक्ष्म रक्तस्राव किती दिसले? जुने स्कॅन असेल तर त्याच्या तुलनेत किती वाढ झाली? श्रेणी दोन किंवा तीन असेल, तर घरी रक्तदाब मोजून नोंदवही ठेवणे, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे, चाल आणि स्मरणशक्तीची तपासणी करून घेणे हा पुढचा टप्पा असतो.

अल्झायमर यांना हे नुकसान दिसायचे ते रुग्ण गेल्यानंतर. त्या वेळी करण्यासारखे काहीच उरलेले नसे. आज तेच नुकसान माणूस समोर बसलेला असताना, बऱ्याचदा लक्षणे ठळक होण्याआधी दिसते. कपाटातील ती एमआरआयची फाइल त्यासाठी पुन्हा एकदा उघडून पाहावी.